चर्च कशाला हवं?

(दहावी १९७६ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सांगितलं आहे, की आयुष्यात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त विचार केला तिच्यावर बोला. आपला डॉक्टर मित्र मधुमेहावर बोलला. ते ऐकून माझ्या शेजारच्याने हातातली जिलेबी खाली ठेवली. डाळिंबाच्या बागेवर बोलणाऱ्याने आपल्याला तेल्या रोगाची भीती घातली. माझा विषय काल रात्री जेवताना ठरला. एका मित्राने मला विचारलं, त्याचं नाव सांगत नाही, तो पहिल्या रांगेत बसला आहे. तो म्हणाला, "अरे, तुझा येशू मला पटतो. पण तुमचं चर्च कशाला हवं? नुसती भांडणं, निवडणुका, कोर्टकचेऱ्या. तो डोंगरावर बसून शिकवत होता. त्याची कुठे कमिटी होती?"

सगळे हसले, मीही हसलो. पण मित्रा, कमिटी होती. बारा जणांची होती. आणि त्या कमिटीची पैशाची पिशवी ज्याच्याकडे होती, त्यानेच घात केला. म्हणजे तुझी तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे.

तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, की मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो. चौतीस वर्षं पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संघ आणि एकदोन साखर कारखाने तपासले. आपला नगर जिल्हा म्हणजे संस्थांचा जिल्हा. लेखापरीक्षकाला संस्थेविषयी भाबडं राहणं परवडत नाही. कागदावर असलेलं आणि गोदामात नसलेलं खत मी पाहिलं आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर उचललेलं कर्ज पाहिलं आहे. त्यामुळे आज मी संस्थेची बाजू घेतोय, ती दोष माहीत नसल्यामुळे नाही.

आधी दोषच मांडतो. पहिला दोष जातीचा. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाईल असं आमच्या आज्यापणज्यांना वाटलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर जे लिहिलं, त्यात स्पष्ट दाखवलं, की जात चर्चच्या दारात थांबली नाही, आत येऊन बसली. लग्न ठरवताना आमच्याकडे आजही मूळ गाव विचारतात, आणि गावामागचा खरा प्रश्न सगळ्यांना कळतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. सरकारने सवलत काढून घेतली आणि मंडळीने जात ठेवून घेतली.

दुसरा दोष जमिनीचा. मिशनने मागे ठेवलेल्या जागांना आज सोन्याचा भाव आहे. सात-बारा, फेरफार, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, दोन गटांचे दोन विश्वस्त आणि दोघांचे दोन वकील, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांचं रोजचं जगणं झालं आहे. तिसरा दोष सगळ्यात भयंकर. मुलांवर झालेले अत्याचार, आणि ते झाकण्यासाठी वरच्या अधिकाऱ्यांनी केलेली धडपड. २००२ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने ते उघडकीला आणलं आणि मग देशामागून देशांत तेच निघत गेलं. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी लेकरांचा बळी देणं यापेक्षा मोठा अपराध मला माहीत नाही. ज्यांनी हे भोगलं आणि जे उठून निघून गेले, त्यांना परत या असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

एवढं सगळं असताना चर्च हवं असं मी का म्हणतो?

याचं उत्तर मला ज्यांनी दिलं ते दोघेही चर्चशी भांडलेले होते. दोघेही मराठी.

पहिले रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना मराठीच्या तासाला भेटलो. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची बरीच वर्षं नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन केलं. पण परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतीवर चालणारं चर्च त्यांना बोचत होतं. ख्रिस्त आपल्या मातीत रुजायचा असेल तर तो टाळ-मृदंगातून, अभंगातून यायला हवा असं त्यांना वाटे. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यालाही जागा होती आणि न घेतलेल्यालाही. माझ्या मित्राला हवं होतं तसंच काहीतरी ते होतं, भिंती नसलेलं.

दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. तो त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

आता बघा, टिळकांचं काय टिकलं? त्यांची भजनं टिकली. कुठे टिकली? 'उपासना संगीता'त, म्हणजे ज्या चर्चमधून ते बाहेर पडले त्याच चर्चच्या गीतपुस्तकात. ते पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. रविवारमागून रविवार, पेटी-तबल्यावर, सूर लागो न लागो, लोक ती गात राहिले. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांची कितीतरी पदं तिला तोंडपाठ होती. टिळक कवी म्हणून मोठे होते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दर रविवारी देवळात जायची, एवढंच. आमच्या नगरकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. संस्थेने आपल्या टीकाकाराला सांभाळलं, आणि त्याची टीका ज्यातून आली होती ती तळमळही त्याच्या पदांतून पुढे नेली. दरबाराला ते जमलं नाही. यात टिळकांचा कमीपणा नाही. एक माणूस, कितीही थोर असला तरी, दर रविवारी शंभर वर्षं हजर राहू शकत नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच तिथल्या जोगिणींशी त्यांचा वाद सुरू झाला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मानायची, हे त्यांना मान्य नव्हतं. शास्त्र्यांपुढे न वाकलेली बाई बिशपपुढे कशी वाकेल? कोणत्याही एका पंथाच्या दावणीला त्यांनी स्वतःला बांधून घेतलं नाही. पण पुढे त्यांनी केलं काय? १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आपल्या नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं. म्हणजे चर्च नावाच्या संस्थेवर सर्वात कडक प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाही शेवटी संस्थाच बांधावी लागली. धान्याचं कोठार, विहीर, शाळा, छापखाना, हजेरी. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर आलं, तेही मुक्तीच्याच छापखान्यातून. बाई गेल्यावर दोन वर्षांनी बाईंचं काम पुरं झालं. खिळे जुळवणारे हात तिथे होते, म्हणून झालं.

मी जे सांगतोय ते एवढंच आहे. प्रेरणा माणसाला होते, पण ती माणसाच्या मरणानंतर पोचवायची तर वही लागते, कुलूप-किल्ली लागते, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते, आणि ज्याचं आपल्याशी पटत नाही त्याच्या शेजारी बसावं लागतं. यालाच संस्था म्हणतात. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीत भ्रष्टाचाराला जागा आहे, हे मी लेखापरीक्षक म्हणून सांगतो.

आता एक घरातली गोष्ट. बाईंना थोडी माहीत आहे, बाकी कुणाला सांगितलेली नाही.

माझे वडील शिक्षक होते आणि आमच्या गावच्या मंडळीचे सभासद. १९७९ साली देवळावर नवे पत्रे टाकायचे म्हणून घरटी वर्गणी जमली. कुणी ज्वारी दिली, कुणी शेळी विकून पैसे दिले. दोन वर्षं झाली, पत्रे आले नाहीत. वार्षिक सभेत वडिलांनी उभं राहून हिशेब मागितला. त्यांना उत्तर मिळालं, की मास्तर, तुमचा देवाच्या माणसांवर विश्वास नाही. वडील काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि बाहेर पडले. त्यानंतर ते देवळात गेले नाहीत. घरी बायबल वाचायचे, प्रार्थना करायचे. आई मात्र दर रविवारी जात राहिली. त्यावरून त्यांच्यात भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. रविवारी सकाळी ते आईच्या चपला पुसून दारात ठेवायचे.

१९९० च्या मे महिन्यात वडील गेले. मी संगमनेरहून रात्रीच्या गाडीने पोचलो. सकाळी मंडळीचे चिटणीस आले. म्हणाले, नऊ वर्षांची वर्गणी थकली आहे, ती भरा, म्हणजे कबरस्तानात जागा देता येईल, नियम आहे. घरात वडिलांचं प्रेत होतं. मी पैसे मोजून दिले आणि पावती मागितली. ती पावती अजून माझ्याकडे आहे.

हे मी विसरलेलो नाही. पण त्याच दिवशीचं बाकीचंही मी विसरलेलो नाही. चिटणीस यायच्या आधीच, पहाटे, तीन माणसं पहार आणि घमेली घेऊन कबरस्तानात गेली होती. उन्हाळ्याचे दिवस, खाली मुरूम. चार फुटांवर पहार वाजायला लागली. तरी त्यांनी दुपारपर्यंत कबर खणली. त्या तिघांपैकी दोघं त्या सभेत वडिलांच्या विरोधात ओरडलेले होते. मंडळीतल्या बायका रात्रभर आईजवळ बसून गात होत्या. तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही आणि कुणी उपाशीही राहिलं नाही. कोणत्या घरून सकाळच्या भाकरी, कोणत्या घरून संध्याकाळचं कालवण, हे कुणीतरी ठरवलं होतं. पाळकसाहेब सायकलवर बारा मैल आले होते, आणि वर्गणीचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

बरीच वर्षं मी हा हिशेब दोन वेगळ्या रकान्यांत मांडत होतो. वर्गणी मागणारा चिटणीस म्हणजे संस्था, आणि कबर खणणारे म्हणजे माणुसकी. माझा पहिल्या रांगेतला मित्रही असंच मांडेल. पण लेखापरीक्षकाला खोलात जायची सवय असते. ते तिघं का आले? ते आमचे नातेवाईक नव्हते, मित्र तर नव्हतेच. ते आले कारण मंडळीच्या सभासदांच्या वहीत वडिलांचं नाव होतं. नऊ वर्षांत त्या नावावर कुणी काट मारली नव्हती. ज्या वहीत आमची थकबाकी लिहिलेली होती, त्याच वहीमुळे आमच्या दारात माणसं आली. वही फाडली असती तर थकबाकी गेली असती आणि पहाटेची पहारही गेली असती.

आवडीच्या माणसांसाठी कबर कुणीही खणतो. न आवडणाऱ्या माणसासाठी खणायला लावणारी व्यवस्था मी फार ठिकाणी पाहिलेली नाही.

आता तुमच्यातले जे ख्रिस्ती नाहीत, आणि ते निम्म्याहून जास्त आहेत, ते म्हणतील, हा तुमचा घरचा मामला झाला, आमचं काय? तुमचंही आहे. सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आली, नंतर नगरला आली, मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला जाऊन १८४८ मध्ये आपली शाळा काढली. फरार बाईंमागे काय होतं? समुद्रापलीकडच्या गावोगावच्या मंडळ्यांतून गोळा होणारी वर्गणी होती. त्या मंडळ्यांतही भांडणं असणारच. अगदी अलीकडचं सांगायचं तर फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचा हा येशूसंघी माणूस अनेक दशकं आपल्या जिल्ह्यात राहिला आणि बांधबंदिस्ती, पाणलोट हे शब्द गावकऱ्यांच्या तोंडी बसवले. बहात्तरचा दुष्काळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सुकडी खाल्ली आहे. पाणी अडवणं हे एका निवडणुकीचं काम नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एखाद्या माणसाला सगळं आयुष्य एकाच कामाला देता यावं, म्हातारपणी त्याच्या औषधपाण्याची चिंता दुसऱ्या कुणी करावी, यासाठी मागे संस्था लागते.

आणि आपली ही शाळा. आपल्या वर्गातल्या सहा-सात जणांची फी माफ होती. ते पैसे गरीब विद्यार्थी निधीतून यायचे, आणि त्या निधीत रविवारच्या दानार्पणातला वाटा असायचा. त्या सहा-सात जणांतले तिघं आज इथे बसले आहेत. त्यातला एक मी.

तेव्हा माझं म्हणणं असं. आमच्या खात्यात एखाद्या संस्थेत दोष सापडले, तर कायद्याने दोन वाटा आहेत. एक अवसायन, म्हणजे संस्था मोडीत काढायची. दुसरी, संस्थेकडून दोषदुरुस्ती अहवाल मागायचा. म्हणजे शेरा क्रमांक एक, काय चुकलं, काय दुरुस्त केलं, पुरावा जोडा. लोकांना वाटतं अवसायन शूरपणाचं आहे. मी अवसायनात निघालेल्या संस्था जवळून पाहिल्या आहेत. ज्यांनी खाल्लं त्यांचं सहसा फार बिघडत नाही. शंभर-दोनशे रुपये ठेवणारी म्हातारी बाई मात्र पासबुक घेऊन दारात उभी राहते. चर्च मोडलं तर पैसेवाले, इंग्रजीवाले आपापली सोय करतील. त्यांना घरबसल्या प्रवचनं ऐकायला मिळतात. ज्याला त्या तीन दिवसांच्या भाकरींची गरज आहे, तो कुठे जाईल?

म्हणून मी दुसरी वाट धरली. निवृत्त झाल्यावर गावी राहायला गेलो आणि आमच्या मंडळीच्या कमिटीला सांगितलं, की मी फुकट हिशेब तपासतो. पहिली दोन वर्षं मला वह्या दाखवल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी कमिटीवर दोन बायका निवडून आल्या, त्यातली एक अंगणवाडी सेविका, आणि तिला रजिस्टर भरायची शिस्त होती. आता दर महिन्याचा जमाखर्च देवळाच्या दारातल्या फळ्यावर लागतो. हंगामाच्या सणाला वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचला जातो. वर्गणी थकली म्हणून कुणाची कबर अडवायची नाही, असा ठराव करायला चार वार्षिक सभा लागल्या. शेवटी तो बहुमताने झाला, एकमताने नाही. दोन कुटुंबं रागावून दुसरीकडे जायला लागली. १९७९ च्या पत्र्यांच्या पैशांचा हिशेब मात्र मला लागला नाही. ती वही सापडतच नाही.

माझी मुलगी पुण्याला असते. तीही चर्चला जात नाही. म्हणते, बाबा, तुम्ही आजोबांच्या अपमानाची भरपाई करताय. असेलही. पण मला वाटतं, वडिलांनी सभेत विचारलेला प्रश्न अर्धवट राहिला होता. तो बाहेरून विचारून उत्तर मिळणार नव्हतं, आत बसूनच विचारायला हवा होता. आई दर रविवारी तिथे जाऊन बसत राहिली, म्हणून आमच्या घराची जागा रिकामी झाली नाही, आणि मला परत जायला ती जागा सापडली.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला पटलं नसेल तर आमच्या हंगामाच्या सणाला ये. लोक पहिलं पीक, कोंबड्या, भोपळे, अंडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या वर्षी एक अंडं दोनशे रुपयांना गेलं. तू बोली लावलीस तर त्याहून वर जाईल. भांडणंही बघायला मिळतील, त्याची खात्री देतो. आणि जे काही घेशील, त्याची पावती मिळेल.

बाई, सर, तुम्ही आम्हाला हिशेब शिकवलात आणि प्रार्थनाही शिकवलीत. दोन्ही एकाच इमारतीत शिकवलंत, याबद्दल मी आपला आभारी आहे.